मिस्त्रींचे घराणे



काही महिन्यांपूर्वी चंद्रपूरचे एक गृहस्थ मजकडे आले होते. व्यवसायाने वकील, वयाने साठीच्या पुढचे. आपल्या घराण्याचा इतिहास लिहून मुलानातवंडांच्या हाती द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु जवळ असलेली माहिती एका पोस्टकार्डावर मावेल इतकीच. पणजोबा रेल्वेच्या कामावर म्हणून चांद्यास आले. पुढे बांधकामाचे मक्ते घेऊ लागले. आणि रविवारी चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवीत. मी विचारले, "त्यांचे नाव काय?" ते म्हणाले, "सर्वजण त्यांस मिस्त्रीच म्हणत." "मूळ गाव?" "गोव्याकडचे असावेत, असे वडील म्हणत." येथे त्यांचा इतिहास संपला.

इनामदार, देशमुख, देशपांडे यांच्या घराण्यांचा इतिहास लिहिणे फारसे अवघड नसते. सनदा असतात, निवाडे असतात, तीर्थाच्या ठिकाणी उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावे असतात. कारागिराचे तसे नाही. तो घर बांधतो ते दुसऱ्याचे, आणि शिळेवर नाव कोरले जाते ते पैसा देणाऱ्याचे. चांद्याचा परकोट पाहा. जटपुरा, पठाणपुरा, अचलेश्वर, बिनबा या चार दरवाजांवरून गोंड राजांची कीर्ती आपण सांगतो. राणी हिराईने पती बीरशहाची समाधी बांधविली, हे शाळेतील मूलही जाणते. परंतु त्या समाधीच्या कमानीचा दगड कोणी घडविला? त्याचे नाव विचारण्याचे आपल्या मनातही येत नाही. गवयाची तऱ्हा याहून निराळी नाही. भिंत निदान उभी राहते. सूर तर हवेतच विरतो. मग जो मनुष्य आठवड्याचे सहा दिवस भिंती बांधतो आणि सातव्या दिवशी चर्चमध्ये गाणे वाजवितो, त्याचा माग कसा काढावा?

मी त्या गृहस्थांस म्हटले, की प्रथम आपल्याजवळ जी एकच वस्तू आहे तीच नीट पाहू. ती वस्तू म्हणजे 'मिस्त्री' हा शब्द.

हा शब्द मूळचा आपला नव्हे. पोर्तुगीजांचा 'मेस्त्र', म्हणजे गुरू किंवा उस्ताद, तो आपल्याकडे मिस्त्री झाला. बांधकामावर जाऊन उभे राहा, म्हणजे अशा पाहुण्यांची रांगच भेटेल. घमेले पोर्तुगीज, दाराची बिजागरी पोर्तुगीज, कुलपाची चावी पोर्तुगीज, आणि शनिवारी हाती पडणारा पगारही पोर्तुगीजच! पश्चिम किनाऱ्यावर उतरलेले हे शब्द कारागिरांच्या तोंडून पूर्वेकडील रानापर्यंत चालत आले. परंतु गंमत पुढेच आहे. गोव्यात कोंकणी बोलणारा मनुष्य सुताराला 'मेस्त' म्हणतो, आणि चर्चमधील गायनवृंदाच्या गुरूला 'मेस्त्री'. दोन्हींचे मूळ तेच. एकाच शब्दाच्या एका हातात रंधा आहे आणि दुसऱ्या हातात व्हायोलिन.

हा गायनगुरू म्हणजे गोव्याच्या खेड्यातील मोठा माणूस. सोळाव्या शतकापासून तेथे चर्चला जोडून शाळा चालू झाल्या. त्यांत मुलांस धर्मशिक्षण मिळे, अक्षरओळख होई, आणि त्याबरोबर युरोपीय पद्धतीची स्वरलिपी वाचण्यास व व्हायोलिन वाजविण्यास शिकविले जाई. गरीब कुळाचा मुलगाही कागदावरील सूर पाहून गाऊ लागे. शेतीत पोट भरेना तेव्हा हीच विद्या त्याने गाठीस बांधली आणि तो मुंबईची वाट धरू लागला. मुंबईत गावोगावच्या गोवेकरांचे 'कूड' असत. आपल्या गावचा मनुष्य नोकरी मिळेपर्यंत तेथे अल्प खर्चात राही. तेथून कोणी बोटीवर जाई, कोणी रेल्वेत, कोणी पलटणीच्या किंवा संस्थानिकाच्या बँडमध्ये. या परंपरेचे एक फळ आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील अँथनी गोन्साल्विस हे नाव काल्पनिक नव्हे. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंस वाहिलेली ती गुरुदक्षिणा होती. हे गुरू माजोर्डा गावचे, जन्म १९२७ चा, आणि त्यांचे वडील गावच्या चर्चमधील गायनवृंदाचे प्रमुख होते.

तेव्हा वकीलसाहेबांस मी विचारले, "आपले पणजोबा बांधकाम करीत म्हणून त्यांस मिस्त्री म्हणत, असे आपण धरून चालला आहात. परंतु विटेला हात लावण्यापूर्वीच, गावच्या चर्चमध्ये मुलांस गाणे शिकवीत म्हणून हे नाव त्यांस पडले नसेल कशावरून?" हा विचार त्यांच्या मनास कधी शिवला नव्हता.

आता दुसरा धागा, कामाचा. अशा माणसास चांद्यास येण्याचे कारण काय? कारण कोळसा, लाकूड आणि लोखंडी रस्ता. नागपूरचे राज्य तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूनंतर खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा १८७७ मध्ये पोहोचला. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली, तोवर बल्लारपूरच्या कोळशाकडे लक्ष वळले होते. पुढे बल्लारशा ते काझीपेठ हा दुवा १९२९ मध्ये जोडला गेला आणि दिल्ली-मद्रासची गाडी चांद्याच्या रानातून धावू लागली. प्रत्येक टप्प्यास पूल हवे, स्थानके हवी, बंगले हवे. आणि सागवानाची तर आलापल्लीपासून बल्लारशापर्यंत रेलचेल. ज्यास माप वाचता येते आणि दहा माणसांकडून काम करून घेता येते, त्या परमुलखीच्या मिस्त्रीस येथे भाकरीची वाण नव्हती.

घराण्याचे जुने घर उभे असेल तर तेही बोलते. परंतु त्याचे बोलणे तपासून घ्यावे लागते. वकीलसाहेब मोठ्या उत्साहाने म्हणाले, "आमच्या घराच्या कौलावर १८६५ हे साल आहे. म्हणजे घर तेव्हाचेच!" मला त्यांची निराशा करावी लागली. मंगळूरच्या बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. आणि हे स्थापनेचे साल पुढे कित्येक वर्षे कौलांवर उमटविले जात असे. ते कारखान्याचे जन्मसाल, घराचे नव्हे. कौल खरे बोलत होते. ऐकणारा चुकत होता.

तिसरा धागा कागदांचा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की मनुष्य एका जागी बसून राहिला तरी त्याचा जिल्हा प्रवास करीत असतो. आज ज्यास गडचिरोली जिल्हा म्हणतात, तो २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता. चंद्रपूर त्यापूर्वी चांदा होते. चांदा प्रथम मध्यप्रांतात, १९५० नंतर मध्यप्रदेशात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. ज्या साली कागद झाला त्या साली जे नाव चालू होते, त्या नावाखाली तो शोधावा. चर्चचेही तसेच आहे. चांद्यात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. ॲलेक्स वुड हे पाद्री १८९८ पासून १९१९ पर्यंत तेथे राबले आणि पुढे नागपूरचे बिशप झाले. कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, आणि चांद्याचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ चा. म्हणून कुटुंब कोणत्या पंथाचे, हे आधी ठरवावे. नाही तर मनुष्य वर्षभर चुकीच्या कपाटापुढे बसून राहील. इंग्रजी राजवटीतील चर्चच्या अनेक नोंदींच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. त्या आज तेथील ब्रिटिश लायब्ररीत पाहावयास मिळतात. मध्यप्रांत-वऱ्हाडातील थडग्यांवरील लेखांची यादी क्रॉफ्टन या अधिकाऱ्याने १९३२ मध्ये छापली. परंतु त्या साहेबी यादीत आमच्या मिस्त्रीस जागा मिळण्याची आशा थोडीच. गोव्यात जन्ममृत्यूची सरकारी नोंद १९१४ पासून सुरू झाली. त्यापूर्वीचा जन्म असेल तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या धुंडाळाव्यात. त्यांत मुलाचे, आईबापांचे आणि धर्ममातापित्यांचे नाव मिळते. परंतु नुसत्या आडनावाने भागावयाचे नाही. धर्मांतराच्या वेळी पोर्तुगीज आडनावे घेतली गेली, त्यामुळे एकेका आडनावाची माणसे गावोगाव हजारोंनी आहेत. गाव हाती आले पाहिजे.

आणि गाव तर हाती नव्हते.

आपल्यासारख्या शिकलेल्या लोकांचा एक समज आहे, की जेथे कागद नाही तेथे इतिहास नाही. चांद्याच्या रानात हा समज टिकत नाही. गोंडांचे भाट जे परधान, ते आपल्या यजमानाच्या घरी येतात, किंगरीच्या तारांवर धनुकली फिरवितात, आणि त्या कुळाची उत्पत्ती, देवांची कथा व पूर्वजांचे पराक्रम गाऊन दाखवितात. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची लिंगोची कथा अशाच मुखपरंपरेतून टिपून घेतली. ते १८६३ मध्ये नाल्याच्या पुरात बुडून मरण पावले, तेव्हा त्यांची टिपणे अपुरीच होती. सर रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये छापविली म्हणून वाचली. ज्या समाजास आपण निरक्षर म्हणून हिणवितो, त्याने आपली वंशकथा सांभाळण्यासाठी माणूस नेमला आहे, त्यास मान दिला आहे, आणि त्याच्या हाती वाद्य दिले आहे. आपण मात्र ती एका ट्रंकेत टाकतो आणि ट्रंक वाळवीस देतो.

मी वकीलसाहेबांस म्हटले, "आपल्या घरी परधान कोण आहे? पणजोबांस प्रत्यक्ष पाहिलेले कोणी हयात आहे काय?" ते म्हणाले, "एक आत्याबाई आहेत. नव्वदीच्या पुढच्या. आजोबांचे बोट धरून चर्चमध्ये जात, असे सांगतात. परंतु आता त्यांच्या बोलण्यास मेळ नाही." मी त्यांस दोन प्रश्न लिहून दिले. पहिला, आजोबा पेटी हाताच्या भात्याची वाजवीत की पायाच्या? दुसरा, त्यांनी शिकविलेले काही गाणे येते काय? येत असेल तर ते म्हणावयास सांगा, आणि मध्ये बोलू नका.

पहिल्या प्रश्नाचे मर्म असे. हाताच्या भात्याची पेटी वाजविताना एक हात भात्यात गुंततो. उरलेल्या हाताने मुख्यतः चालच वाजविता येते. पायाने भाता चालविला तर दोन्ही हात मोकळे राहतात, आणि चालीबरोबर तिला आधार देणारे सूरही घेता येतात. युरोपीय चर्चसंगीताची सारी बांधणी या एकाहून अधिक सुरांवर उभी आहे. आपले मराठी भजन किंवा अभंग शंभर माणसे म्हणोत, चाल एकच. नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेस भजन-अभंगांचे वळण दिले ते याच एकसुरी पद्धतीचे, आणि म्हणूनच ते मराठी मनास रुचले. गोव्याच्या चर्चमध्ये मात्र मुलांस आरंभापासून दोन आवाजांत गाण्याची सवय लावीत. एक आवाज चाल धरतो. दुसरा तिच्या खालून, तिला न सोडता, आपली वेगळी वाट चालतो. मुख्य चाल कोणीही ऐकून उचलील. दुसरा आवाज मात्र कोणी शिकविल्यावाचून येत नाही.

महिन्याभराने वकीलसाहेब परत आले. आत्याबाईंस आजोबांचे नाव सांगता आले नाही. गावही नाही. परंतु "ते पाय हलवीत बसत, आणि मी त्यांच्या पायांकडे पाहत बसे," एवढे त्या म्हणाल्या. गाणे म्हणा म्हटल्याबरोबर त्यांनी डोळे मिटले आणि एक ओळ म्हणून दाखविली. वकीलसाहेबांनी ती ध्वनिमुद्रित करून आणली होती. ती ऐकवीत असता ते काहीसे संकोचाने म्हणाले, "यात काही अर्थ निघावयाचा नाही. आत्याबाई पहिल्यापासूनच बेसूर. चर्चमध्ये सर्वांबरोबर गाऊ लागल्या, की यांचा सूर खाली जाई. आम्ही मुले हसत असू. पुढे पुढे घरच्यांनी त्यांस सांगितले, की तुम्ही नुसत्या ओठ हलवीत बसा. पुष्कळ वर्षे झाली, त्या गातच नाहीत."

मी एका जाणत्या वादकास बोलाविले. चर्चमध्ये रूढ असलेली त्या गाण्याची चाल त्याने पेटीवर वाजविली, आणि त्याच वेळी आत्याबाईंचे ध्वनिमुद्रण लावले. दोन्ही ओळी एकमेकींत अशा बसल्या, जशा चौकटीत दाराच्या फळ्या बसाव्यात. एकही सूर इकडे तिकडे नव्हता.

वकीलसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टोपी उचलीत म्हणाले, "गोव्याचे मागाहून पाहू. आधी घरी जाऊन आत्याबाईंस सांगितले पाहिजे."