संगणक अडला तर पाट पाहा



आपल्या मोहाडीकडे तलावाचे पाणी शेवटच्या बांधीत पोचले नाही, तर कोणी धान उपटून टाकीत नाही. तलावाच्या तोंडापासून पाट पाहत यायचे आणि फुटला असेल तिथे बुजवायचे. शाळेतील लिनक्सचा संगणक सुरू होईना, तरी हीच रीत धरावी. “सगळे पुसा आणि नव्याने भरा,” असा सल्ला लगेच मिळतो. गुरुजी, जरा थांबा! त्या डिस्कवर मुलांचे गुण आहेत, दाखल्यांच्या नोंदी आहेत.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, १९९१ साली लायनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने प्रसिद्ध केला. आपल्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ प्रणालीही त्यावरच उभी आहे. बटण दाबले की आधी यंत्र स्वतःला तपासते. मग ‘ग्रब’ नावाचा छोटा प्रोग्राम कर्नलला उठवतो. कर्नल डिस्क उघडतो, आणि शेवटी नाव व पासवर्ड विचारला जातो.

आता पाणी कुठे अडले? पडदा काळा आणि नुसती पीं-पीं, तर लिनक्सची पाळी अजून आलेलीच नाही. दोष यंत्रात शोधावा. बूट डिव्हाइस सापडत नाही असे आले, तर विसरलेला पेन ड्राइव्ह आधी काढा. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसले, तर ग्रबला डिस्कवरचे स्वतःचे सामान सापडत नाही. अपडेटनंतर ‘कर्नल पॅनिक’ आले, तर ग्रबच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल निवडा, पुष्कळदा तो चालतो.

एकाएकी वीज गेली, की डिस्कवरचा हिशेब अर्धवट राहतो. मग संगणक ‘इनिट-रॅम-एफ-एस’ या शब्दापाशी थांबतो, आणि ‘एफ-एस-सी-के’ ही तपासणीची आज्ञा हाताने चालवा म्हणतो. ती चालवता येते. पण आधी नोंदी वाचवा. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करा, त्यावरून यंत्र सुरू करा, ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘ट्राय’ निवडा आणि फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. डिस्क खटखट वाजत असेल, तर दुरुस्तीच्या भरीस न पडता जाणकाराकडे न्या.

आणि एक. बंद करण्यापूर्वी पडद्यावरची शेवटची ओळ जशीच्या तशी वहीत उतरून घ्या. पाट कुठे फुटला, ते बहुधा तीच ओळ सांगते.