दुखणं तपासताना मनाची विचारपूस



‘मणक्यात गॅप आलाय.’ ‘गादी सरकलीय.’ ‘गुडघे पार झिजलेत.’ फिजिओथेरपिस्ट म्हणून ही वाक्यं मी रोज ऐकते. पेशंट ती घरून आणत नाहीत. बहुतेकदा आम्हीच एक्स-रे उजेडासमोर धरून ती त्यांच्या हाती देतो. झिजलेली वस्तू जपून वापरायची, ही आपली शिकवण. मग माणूस वाकायचं सोडतो, मांडी घालणं सोडतो, देवळाच्या पायऱ्या सोडतो. स्नायू दुबळे होतात, थोड्या हालचालीनंही कळ येते, आणि भीती खरी होती असं वाटू लागतं. व्लायेन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी हे भीतीचं चक्र २००० साली सविस्तर मांडलं.

हे दुखणं थोड्याथोडक्यांचं नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी सुरू केली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंची दुखणी असल्याचं आढळलं.

माझी एक चूक सांगते. डबे करून देणाऱ्या एक बाई खांदा आखडला म्हणून येत होत्या. सहा आठवडे झाले तरी हात वर जाईना. ‘घरी व्यायाम करत नाहीत,’ असं मी फाइलमध्ये लिहिलं आणि तेवढ्यावर थांबले. पुढे एकदा सहज विचारलं, ‘झोप लागते का?’ त्या म्हणाल्या, ‘चार महिने झाले, पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. कशातच जीव रमत नाही.’ चार महिने! माझ्या टेबलावर त्यांतले सहा आठवडे गेले होते. नंतर त्यांनी मनाचेही उपचार घेतले. खांदा लगेच सुटला असं नाही, त्याला वर्ष लागलंच. पण त्या व्यायाम करू लागल्या.

हे योगायोगावर सोडायला नको म्हणून चाळणी लागते. दोन प्रश्नांची एक चाळणी आहे, पीएचक्यू-२. गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटलं का? नेहमीच्या गोष्टींतला रस, आनंद गेला का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तीन किंवा जास्त आली, तर नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ घ्यायची. कंबरदुखीसाठी इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाची नऊ प्रश्नांची ‘स्टार्ट बॅक’ आहे. हालचाल करणं धोक्याचं वाटतं का, हे दुखणं कधी बरं होणारच नाही असं वाटतं का, असंही ती विचारते. स्वीडनच्या लिंटन यांची ‘ओरेब्रो’ प्रश्नावलीही याच कामाची.

चाळणीवर जे राहतं, ते अजून निवडायचं असतं. दुखणाऱ्या माणसाची झोप तशीही मोडते, थकवा तसाही येतो. पीएचक्यू-९मध्ये या दोन्हींचे गुण धरले जातात, त्यामुळे नुसत्या बेरजेवरून नैराश्याचा शिक्का मारणं चूक आहे. पुढे बसून बोलावंच लागतं.

आणि चाळल्यावर उपचार बदलला नाही, तर कागद वाया. ‘स्टार्ट बॅक’ वापरून इंग्लंडमध्ये ८५१ रुग्णांवर प्रयोग झाला. त्यात जोखमीनुसार वेगवेगळे उपचार दिल्यावर फायदा दिसला, खर्चही कमी आला. २०११ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. अमेरिकेत नंतर झालेल्या मोठ्या प्रयोगांत मात्र तो फायदा दिसला नाही. त्यांतल्या एकात तर गट पाडूनही प्रत्यक्ष उपचार फारसे बदललेच नव्हते. मला यातला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो.

‘म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे म्हणता?’ हा प्रश्न येतोच, आणि त्यामागे मोठा अपमान असतो. विशेषतः बायकांना हे आयुष्यभर ऐकवलेलं असतं: नाटकं करते, काम टाळते. त्यांना मी स्पष्ट सांगते, तुमचं दुखणं खरं आहे. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेच्या व्याख्येतच वेदना हा संवेदनेबरोबर भावनेचाही अनुभव आहे. झोप मोडली, काळजी लागली, की मज्जासंस्था तीच कळ मोठी करून ऐकवते. रक्तदाब सगळ्यांचाच मोजतो, तसे हे प्रश्नही सगळ्यांनाच विचारते, हेही सांगते. एकीलाच निवडून विचारलं, तर तिला तो संशय वाटणारच.

विचारायची जागाही नीट हवी. सून शेजारी बसलेली असताना सासू काय सांगणार? आणि सासू शेजारी असताना सून? पडदा ओढून, एकटीला विचारावं. वाचता येत नसेल तर आपणच वाचून दाखवावं, तिच्या बोलीत. ‘नैराश्य आहे का’ यापेक्षा ‘कशात मन लागतं का’ याला उत्तर मिळतं.

पीएचक्यू-९मधला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. ‘कधी कधी येतात’ असं उत्तर आलं, तर तो कागद फाइलमध्ये ठेवून पेशंटला मशीनवर झोपवायचं नाही. तिथेच थांबायचं, शांतपणे आणखी विचारायचं, एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून द्यायची. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. माझ्या टेबलाशेजारच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लावला आहे, पेशंट पालथा झोपला तरी दिसेल इतक्या खाली.