हिंजवडीच्या दाराशी उभा असलेला पदवीधर



संगणक हा शब्द आपल्याकडील कामगार चळवळीने प्रथम ऐकला तो बेकारीचा दूत म्हणून. विमा आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी एके काळी कार्यालयांतील यंत्रीकरणाला कडवा विरोध केला. पुढे जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि परकीय चलन कायद्याच्या अटी न मानणारी आयबीएम कंपनी १९७८ साली हा देश सोडून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी मालकीच्या सीएमसीकडे आली. त्या सगळ्या प्रकरणातील बरेवाईट हा आजचा विषय नव्हे. त्या मोर्चांत चाललेल्या कारकुनांची नातवंडे आज सॉफ्टवेअरची नोकरी शोधत पुण्यात हिंडत आहेत, त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

लातूर, बीड, यवतमाळ, जळगाव अशा जिल्ह्यांतून अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेला मुलगा वाकडला किंवा कर्वेनगरला कॉट बेसिसवर जागा घेतो. एका खोलीत चौघे, खाणावळीचा डबा, आणि घरून दरमहा येणारे पैसे. वडिलांनी किती महिने पैसे पाठवायचे, याचा हिशोब घरी कोणी उघडपणे बोलत नाही; पण तो दोन्हीकडे चालू असतो. मुलगी असेल तर मुदत आणखी कमी. वर्षाच्या आत नोकरी लागली नाही, तर स्थळे पाहण्यास सुरुवात होते. अशा स्थितीत या तरुणांना जो उपदेश मिळतो तो ‘मेहनत करा, गुणवत्ता असेल तर नोकरी मिळेलच’ असा. हा उपदेश अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्या उपदेशाने माणसाचे अधिक नुकसान होते. वस्तुतः नोकरी शोधणे हेच एक काम आहे. त्या कामाचे हत्यार म्हणजे माहिती. आणि ज्याच्या घरात ती नसते, त्याला ती रोख पैसे मोजून विकत घ्यावी लागते.

रिक्त जागांची माहिती सार्वजनिक असावी, हा विचार या देशाला नवा नाही. २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनी रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळवाव्यात, असा कायदा १९५९ साली झाला होता. परंतु त्या कार्यालयामार्फतच माणूस घ्यावा, असे बंधन त्याने घातले नव्हते. परिणामी कार्ड काढून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा अनुभव एका सबंध पिढीने घेतला. सॉफ्टवेअरचा धंदा तर वाढला तोच त्या कार्यालयाच्या बाहेर.

या धंद्याची दारे कोणती? पहिले दार महाविद्यालयातील निवडीचे. मोठ्या कंपन्या तेथे येतात आणि पुष्कळदा दहावी, बारावी व पदवी या तिन्ही ठिकाणी साठ टक्के आणि एकही विषय राहिलेला नसणे, अशी चाळणी लावतात. दहावीला गावात गणिताचा शिक्षकच नव्हता, ही गोष्ट त्या चाळणीला कळत नाही. दुसरे दार खुल्या परीक्षांचे; टीसीएसची राष्ट्रीय पात्रता परीक्षा हे त्याचे ठळक उदाहरण. तिसरे दार सी-डॅकचे. १९८८ साली पुण्यात सुरू झालेली ही सरकारी संस्था प्रवेश परीक्षा घेऊन सहा महिन्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते आणि शेवटी सर्व केंद्रांतील विद्यार्थ्यांसाठी सामाईक मुलाखती होतात. फी लाखाच्या घरात आहे, ही तिची खोट. मात्र ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देणाऱ्या खासगी वर्गाला तेवढेच पैसे देण्यापूर्वी हे दार ठोठावलेले बरे. चौथे दार लहान कंपन्यांचे. वीस-पंचवीस माणसांच्या या कंपन्या गुणपत्रिका कमी पाहतात, कारण त्यांना उद्याच काम करणारा माणूस हवा असतो. बहुतेक उमेदवार पहिल्या दोन दारांशी वर्ष घालवतात आणि चौथ्याकडे फिरकत नाहीत, हा शोधातील सर्वात महाग पडणारा दोष होय.

पाचवे दार ओळखीचे. त्याच्याविषयी अधिक बोलले पाहिजे, कारण आपल्या चळवळीत त्याचा उल्लेख तिरस्कारानेच होतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली बॉस्टनजवळच्या एका उपनगरातील नोकरदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी दर सहा जणांत जेमतेम एकाला ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना क्वचित भेटणाऱ्या, दूरच्या परिचितांकडून. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते, नवी बातमी दुरून येते. वशिला आणि ओळख यांत म्हणूनच फरक केला पाहिजे. ज्याचा मामा हिंजवडीत आहे त्याला ही दूरची वर्तुळे जन्मतःच लाभतात. ऊसतोड कामगाराच्या मुलाला ती बांधावी लागतात. त्याच महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला विद्यार्थी हा त्याचा पहिला दुवा. त्याला ‘सर, नोकरी द्या’ असे लिहून काही होत नाही. त्याच्या कंपनीने जाहीर केलेली नेमकी जागा, तिचा क्रमांक, आपण केलेल्या कामाच्या दोन ओळी आणि ‘शिफारस करता येईल का’ हा प्रश्न, एवढे पत्र पुरते. पुष्कळ कंपन्या शिफारस करणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीस देतात. तेव्हा असे विचारण्यात लाचारी नाही.

आता दाखवायचे काय? अर्ज एका पानाचा असावा आणि त्यात सर्वात वर केलेले काम असावे. हजारो अर्जांत ‘ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली’ हा एकच प्रकल्प नाव बदलून फिरत असतो, आणि तपासणाऱ्याला तो पाठ असतो. त्याऐवजी बाजार समितीतील कांद्याचे रोजचे भाव गोळा करून दाखवणारा, किंवा गावच्या पतसंस्थेची खातेवही सांभाळणारा छोटा कार्यक्रम लिहावा, गिटहबवर ठेवावा आणि तो का व कसा लिहिला याची साध्या भाषेत टीप जोडावी. मग मुलाखतीत प्रश्न येतो: एकाच खात्यातून दोन खिडक्यांवर एकाच क्षणी पैसे काढले गेले, तर शिल्लक चुकू नये म्हणून काय केले? ज्याने स्वतः काम केले आहे तो व्यवहार पूर्ण झाला तर सबंध, नाही तर मुळीच नाही, या तत्त्वाविषयी आणि नोंदीवर घालायच्या कुलपाविषयी चार वाक्ये बोलू शकतो. उतरवून घेतलेला तेथे गप्प होतो. हे उत्तर आधी मराठीत मोठ्याने बोलून पाहावे, नंतर इंग्रजीत. विचार मराठीत पक्का झाला की मोडके इंग्रजीही चालून जाते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि यंत्रच कार्यक्रम लिहू लागले. नवशिक्यांना दिले जाणारे किरकोळ काम त्यामुळे आकसत आहे, आणि टीसीएससारख्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा अनुभवी माणसेही निश्चिंत राहिली नाहीत. यंत्राला शिव्या देऊन उमेदवाराचे भागणार नाही. यंत्राने लिहिलेले वाचता येणे, त्यातील चूक शोधता येणे, चाचण्या लिहिता येणे, ही कौशल्ये त्याने शिकावीत. पण पहिले सहा महिने त्या कुबडीविना चालण्याचा सराव करावा, नाही तर चूक ओळखणार कशी?

सर्वात मोठी हानी मात्र फसवणुकीने होते. नोकरीसाठी कोणी पैसे मागितले, मग ते ‘अनामत’ असोत की ‘प्रशिक्षण शुल्क’, की तेथेच थांबावे. जमीन गहाण टाकून मागील दाराने घेतलेली नोकरी तीन महिन्यांत नाहीशी होते आणि कर्ज राहते. अनुभवाची खोटी प्रमाणपत्रे विकणारेही आहेत. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीवरून पूर्वीची नोकरी तपासता येते, तेव्हा ते खोटे उघडे पडते आणि कायमचा डाग बसतो. परदेशच्या आमिषाचा प्रकार याहून भयंकर. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये डांबून सायबर गुन्हे करवून घेतले जात असल्याचे उघड झाल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. त्या टोळ्यांना विशेषेकरून संगणक येणारी मुलेच हवी होती.

करारनाम्याचेही तेच. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये, ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने सामान्यतः निरर्थक ठरते. परंतु ठरावीक मुदतीपूर्वी सोडल्यास भरपाईची अट वैध ठरू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात दोन लाखांची अशी अट मान्य केली. म्हणून सही करण्यापूर्वी आकडा आणि मुदत वाचावी, आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्याही हवाली करू नयेत. नेमणूकपत्र म्हणजे नोकरी, असेही समजू नये. २०२२ मध्ये पदवी घेतलेल्या कित्येकांनी पत्र हातात असून दोन वर्षे वाट पाहिली. पुण्यातील माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने ते गाऱ्हाणे २०२४ साली केंद्रीय श्रम मंत्रालयापर्यंत नेले. पहिला पगार खात्यात पडेपर्यंत शोध चालू ठेवावा, हाच त्यातला धडा.

यातील बहुतेक गोष्टी एकट्याने करण्यासारख्या नाहीत. खोलीतले चौघे एकाच जागेसाठी अर्ज करतात म्हणून एकमेकांपासून माहिती लपवतात. पण मुलाखतीत काय विचारले, कोणत्या कंपनीने पैसे मागितले, कोणी दोन फेऱ्यांनंतर उत्तरच दिले नाही, हे एका वहीत लिहून ठेवणाऱ्या चौघांना प्रत्येकी चौपट मुलाखतींचा अनुभव मिळतो. ही वही पुण्यात सुरू होण्यापेक्षा तालुक्याच्या गावी सुरू झाली, तर खोलीभाड्याचे काही महिने वाचतील. त्यासाठी लागते ते फार नाही: दोन जुने लॅपटॉप, चालणारे इंटरनेट, आठवड्यातून एका संध्याकाळी दूरध्वनीवर बोलायला तयार असलेला, त्याच गावातून गेलेला कोणी नोकरदार, आणि रात्री दहापर्यंत उघडी राहणारी एक खोली. सार्वजनिक वाचनालये पुष्कळ तालुक्यांत आहेत. संध्याकाळी कुलूप लागल्यावर त्यांची किल्ली कोणाकडे असते, हे तेथील कार्यकर्त्याला पक्के ठाऊक असते.