मरणाचा भाव कोण ठरवतो?

(युवक अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



बोलावणाऱ्यांनी मला विषय दिला, 'उच्च शिक्षण आणि आपली पोरं'. मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटावर ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. एम. एस्सी.वर बोलायला ह्याहून लायक माणूस कुठं मिळणार! पण ज्याच्या अंगावरनं चाक जातं त्याला गाडीचं वजन बरोबर कळतं. तेवढ्या अधिकारानं बोलतो.

मी एकाच शिक्षणावर बोलणार आहे. आपल्या वस्तीत त्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही. ॲक्चुरिअल सायन्स. मराठीत विमागणित म्हणा. आणि त्याचं धाकटं, शेअरबाजारात वाढलेलं भावंड म्हंजे क्वाँटिटेटिव्ह फायनान्स. आपलं पोरगं शिकलं की मास्तर, वकील, कारकून. फारच झालं तर डॉक्टर, इंजिनियर. कवी तर पैशाला पासरी. पण मरणाचा हिशेब करणारा आपल्यात कोण आहे? हात वर करा. बघा. एकही नाही.

हे शास्त्र काय करतं? तुम्ही कधी मरणार हे ते सांगत नाही. ते काम ज्योतिषाचं. तो पैसे घेतो आणि पळतो. हे शास्त्र म्हणतं, एका वयाची लाख माणसं घ्या. त्यांतली वर्षात किती मरतील? पुढच्या वर्षी किती? असा रकाना शंभरीपर्यंत उतरवत न्यायचा. त्याला आयुष्यसारणी म्हणतात. मग व्याज धरायचं, कारण वीस वर्षांनी मिळणारा रुपया आज रुपयाचा नसतो. सारणी आणि व्याज एकत्र गुणलं की हप्ता निघतो, पेन्शन निघते. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीनं 1693 साली ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरनं अशी सारणी केली. 1762 साली लंडनात इक्विटेबल सोसायटी निघाली आणि वयाप्रमाणं हप्ता घ्यायला लागली. तिथनं हा धंदा शास्त्र झाला.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला ह्याचं काय? ऐका.

चार वर्षांपूर्वी माझ्या टोळीतला एक जण कामावर गेला. वय पन्नास. त्याच्या बायकोच्या हातात कागद आला. 11,48,175 रुपये. ती बाई रडत नव्हती. ती विचारत होती, हा आकडा कुणी काढला? ह्यात पाच रुपये कुठनं आले? मुकादमाला ठाऊक नाही, युनियनवाल्याला ठाऊक नाही. साहेबाचा कारकून म्हणाला, 'तक्त्यात आहे'.

तक्ता होता खरा. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं चौथं परिशिष्ट. त्या कायद्याची जागा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, पण त्या बाईचा हिशेब जुन्यानंच झाला. महिन्याच्या मजुरीचा निम्मा हिस्सा घ्यायचा आणि वयाच्या गुणकानं गुणायचा. मजुरी जास्त असली तरी 2020 पासून हिशेबाला 15,000 च धरायचे. निम्मे 7,500. पन्नाशीचा गुणक 153.09. गुणा. बाईचा आकडा निघतो, पाच रुपयांसकट.

मी माझाही काढून पाहिला. पंचविशीचा गुणक 216.91. म्हंजे पंचविसाव्या वर्षी मी 16,26,825 रुपयांचा. सव्विसावं लागलं, गुणक 215.28, मी 16,14,600 चा. एका वाढदिवसात 12,225 रुपयांनी स्वस्त झालो. कुणी केक आणला नाही, पण भाव मात्र उतरवला.

हा तक्ता वाईट आहे असं मी म्हणत नाही. तक्ता नव्हता तेव्हा मुकादमाच्या दयेवर प्रेत उचलावं लागे. माझं म्हणणं एवढंच, की ज्या माणसाचं मरण मोजलं जातं त्याच्या घरात ते मोजमाप कुणालाच वाचता येत नाही. ही अस्पृश्यता अजून कुठल्या कायद्यानं रद्द झालेली नाही.

आणि वाचता न आल्यानं काय होतं ते इतिहासात बघा. विमा जन्मला समुद्रात. शाळेत आपण 'ॲव्हरेज' म्हंजे सरासरी शिकलो. युरोपच्या बंदरांत त्या शब्दाचा जुना अर्थ नुकसान. वादळात जहाज वाचवायला काही माल फेकून द्यायचा आणि तोटा सगळ्या मालवाल्यांनी वाटून घ्यायचा. त्या वाटणीवरनं सरासरी आली. गोदीतला शब्द गणितवाल्यांनी उचलला. पण माल कुणाला म्हणायचं? 1781 साली झोंग नावाच्या इंग्रज गुलामवाहू जहाजावरनं 130 हून जास्त जित्ती काळी माणसं समुद्रात फेकली. मालकांनी विमा मागितला, डोक्याला 30 पौंड. 1783 साली लंडनच्या कोर्टात खटला चालला तो विम्याचा, खुनाचा नव्हे. पंचांनी कौल मालकांना दिला. नंतर फेरसुनावणीचा हुकूम निघाला. पण खुनासाठी कुणालाच शिक्षा झाली नाही.

गुलामी गेली, तक्ता राहिला. अमेरिकेत 1881 साली प्रुडेन्शियल कंपनीनं ठरवलं, हप्ता गोऱ्याएवढाच घ्यायचा, पण काळा माणूस मेला तर एक तृतीयांश रक्कम कमी द्यायची. 1896 साली त्याच कंपनीच्या फ्रेडरिक हॉफमन नावाच्या संख्याशास्त्र्यानं जाडजूड पुस्तक काढलं: काळ्यांची जातच मरणाला टेकलेली, त्यांचा विमा परवडत नाही. आकडे होते, तक्ते होते, सगळं कसं शास्त्रशुद्ध! फक्त गटार, उपासमार, बारा तासांचं काम ह्यांचा रकाना नव्हता. जे माणसांनी केलं ते त्यानं रक्ताच्या नावावर मांडलं. आपल्याला ही युक्ती नवी आहे का?

काळ्यांनी काय केलं? मोर्चे तर काढलेच. पण डब्ल्यू. ई. बी. डू बॉय ह्यांनी 1897 साली हॉफमनचं पुस्तक आकड्यांनीच उसवलं. एवढंच मरण युरोपच्या शहरांतल्या गोऱ्यांतही आहे, मग तिथं रक्त कुणाचं? 1898 साली डरहॅम गावी काळ्यांनी स्वतःची कंपनी काढली, नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल. आणि त्याच राज्यातला एसा स्पॉल्डिंग नावाचा पोरगा मिशिगन विद्यापीठात गेला, गणित आणि ॲक्चुरिअल सायन्स घेऊन 1932 साली एम. ए. झाला. अमेरिकेतला पहिला काळा ॲक्चुअरी. परत येऊन त्यानं आपल्या लोकांच्या कंपनीचे हिशेब हातात घेतले, पुढं तो तिचा अध्यक्ष झाला. एका एम. ए.ला अर्थ कसा येतो, ते इथं दिसतं.

आपल्याकडं? इंग्रज कंपन्या हिंदी माणसाकडनं जादा हप्ता घेत. 1870 साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि हिंदी माणसाला साध्या दरानं विमा मिळाला. छान. पण कुठल्या हिंदी माणसाला? ज्याच्याकडं हप्त्याला पैसे होते त्याला. आजही विमा कंपन्यांची 2012-14 च्या अनुभवावरची सारणी विमा उतरवलेल्यांच्याच मरणांवर उभी आहे. जो गटारात उतरला आणि विमा न उतरवता मेला, तो त्या रकान्यात मरतच नाही.

हे सगळ्यात आधी कुणी ओळखलं? बाबासाहेबांनी. कोलंबियात, लंडनात शिकून त्यांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आपण त्यांचा कोट पाहिला, पुस्तकाचा विषय पाहिला नाही. 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मांडलं, की विमा सरकारच्याच हातात असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा, त्याच्या मिळकतीच्या मानानं, सक्तीचा आयुर्विमा असावा. प्रत्येक! म्हंजे सारणीत सगळे. 1956 साली 245 विमा संस्था एकत्र करून सरकारी महामंडळ झालं. सरकारचा हात आला. 'प्रत्येक' मात्र राहून गेला.

आता धाकट्या भावंडाकडं या. क्वाँट. नवरा मेल्यावर बायकोही लवकर जाते, हे विमागणितात मोजतात. डेव्हिड ली नावाचा माणूस, कॅनडात ॲक्चुरिअल सायन्स शिकलेला. त्यानं 2000 साली तसलंच गणित कर्जांना लावलं: एक कर्ज बुडालं तर दुसरं बुडण्याची शक्यता किती. बँकांनी ते सूत्र उचललं आणि घरकर्जांच्या चळतींवर चळती विकल्या. 2008 साली सगळी कर्जं एकदमच मरायला लागली. अमेरिकेत सगळ्यात महाग, फसवी कर्जं काळ्यांच्या वस्त्यांत वाटली होती. घरं त्यांची गेली. सूत्र मूर्ख नव्हतं. सूत्राला प्रश्न विचारणारा त्या वस्तीतला माणूस त्या खोलीत नव्हता.

म्हणून बी. एस्सी.ला गणित, संख्याशास्त्र घेतलेल्या पोरापोरींना सांगतो. बँकेत कारकुनी मिळाली की पुस्तक बांधून ठेवू नका. 2006 च्या ॲक्चुअरी कायद्यानं उभी राहिलेली इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया आहे. आधी प्रवेश परीक्षा, मग एकेक पेपर. नोकरी करत देता येतात. वर्षं लागतात, नापास होणारे ढिगानं, भ्यायचं नाही. परदेशी जायचं तर एडिनबरोचं हेरियट-वॉट आहे. त्याच स्कॉटलंडात 1744 साली पाद्र्यांच्या विधवांसाठी मरणाचा हिशेब मांडून फंड उभा केला होता. पाद्र्यांच्या विधवांना जमलं, हमालांच्या विधवांना का नाही? केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. ती आपल्या हक्काची. भरा अर्ज.

पण एक अट. ॲक्चुअरी होऊन काचेच्या इमारतीत गेलात आणि हॉफमनचीच नोकरी केलीत, तर आमच्या हप्त्यात अजून एका साहेबाचा पगार वाढला, एवढंच. शिकून या आणि तीन कामं करा. वस्तीत बसून भरपाईचा कागद वाचून दाखवा. सफाई कामगार, गोदी कामगार, वीटभट्टीवरच्या बाया ह्यांच्या मरणांची नोंद करा, वयासकट, कारणासकट. आणि त्यावरनं आपली सारणी काढा, सरकारपुढं टाका. मग विचारा, ह्या रकान्यात चाळिशीतच माणसं का संपतात? घोषणेला पोलीस उत्तर देतो. सारणीला सरकारला उत्तर द्यावं लागतं. आपल्याला दोन्ही पाहिजेत.

मला ते गणित येत नाही. मला गुणाकार येतो, तो मी तुमच्यापुढं करून दाखवला. पुढचं तुम्ही करा.

जयभीम.