शोकात सापडलेले मूल आणि आपली जबाबदारी



शिक्षण, आरोग्य, नोकरी या विषयांवर आपल्या संस्थेत नेहमीच चर्चा होते. आज आम्ही एका अशा विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो की ज्याला कार्यक्रमपत्रिकेत सहसा जागा मिळत नाही. घरातला कर्ता माणूस वारला की वस्ती धावून येते. खांदा द्यायला माणसे मिळतात, जलदान विधीची तयारी होते, पाहुण्यांची व्यवस्था होते, पुण्यानुमोदनाच्या वेळी आदरांजलीची भाषणे होतात. या सर्व गर्दीत त्या घरातले आठ-दहा वर्षांचे मूल कोठे असते? बहुधा शेजारच्या घरी टीव्हीपुढे बसविलेले असते. त्याला कोणी नीट काही सांगितलेले नसते आणि कोणी काही विचारलेलेही नसते.

गर्दी ओसरल्यावर खरी अडचण सुरू होते. घर गप्प होते, शाळेला अर्धवट कळलेले असते आणि कचेरी कागद मागते. यांपैकी कोणी त्या मुलाचे वाईट चिंतीत नाही. परंतु तिघांचा एकमेकांशी संबंध नसतो आणि त्या मधल्या फटीत मूल हरवते. म्हणून आमचे म्हणणे एकच आहे : अशा प्रत्येक मुलासाठी घर, शाळा आणि कचेरी यांना जोडणारे एक ठरलेले माणूस असले पाहिजे, आणि ते नेमण्याची जबाबदारी आपल्यासारख्या संस्थांनी उचलली पाहिजे.

बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई १८९६ साली वारल्या, तेव्हा बाबासाहेब जेमतेम पाच वर्षांचे होते. ते घर मोडले नाही, कारण आत्या मीराबाईंनी ते सावरले आणि रामजी सुभेदारांनी मुलांच्या अभ्यासावरची नजर कधी ढळू दिली नाही. माता रमाईंचे आईवडीलही त्यांच्या लहानपणीच गेले आणि नातलगांनी त्यांना मुंबईस आणून वाढविले. आई किंवा बाप गेला म्हणून मुलाचे आयुष्य संपत नाही. मात्र त्याला धरून ठेवणारे माणूस हवे. त्या काळी ते एकत्र कुटुंबात मिळे. आज दोन खोल्यांच्या घरात आई कामावर आणि आजी गावी, अशी स्थिती असताना ते मिळेलच असे नाही.

अभ्यासकांचेही म्हणणे याहून वेगळे नाही. वर्डेन आणि सिल्व्हरमन या अमेरिकन अभ्यासकांनी बॉस्टन परिसरातील ७० कुटुंबांतील १२५ मुलांची पाहणी केली. या सर्वांचे आई किंवा वडील वारलेले होते. त्यांतील बहुसंख्य मुले सावरली. परंतु काहींच्या अडचणी पहिल्या वर्षी नव्हे, तर त्यानंतर दिसू लागल्या. मागे राहिलेले पालक कसे उभे राहतात, यावर मुलाचे सावरणे फार अवलंबून असते, हेही त्यांना आढळले. यावरून दोन गोष्टी घ्यावयाच्या. आपली मदत तेराव्या दिवशी वा महिन्याने संपता कामा नये. आणि आईला आधार देणे हाच मुलाला आधार देण्याचा एक मार्ग आहे.

आता घराचा विचार करू. पाच वर्षांच्या आतील मुलाला मरण कायमचे असते हे उमजत नाही, ते पुन्हा पुन्हा विचारते, “बाबा कधी येणार?” अशा वेळी “गावाला गेलेत”, “झोपलेत”, “देवाघरी गेलेत” असे सांगितले, तर मूल वाट पाहते किंवा झोपायलाच घाबरते. “बाबांचे शरीर बंद पडले, ते आता परत येणार नाहीत, तुझ्याजवळ आम्ही आहोत,” असे साध्या शब्दांत सांगावे. थोडे मोठे मूल मनातल्या मनात स्वतःला दोष देते : आपण हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. “तुझ्यामुळे काही झालेले नाही,” हे वाक्य त्याने न विचारताच त्याला ऐकवावे. मूल घटकाभर रडते आणि लगेच खेळायला पळते, म्हणजे त्याला दुःखच नाही असे समजू नये. मुलांचा शोक असाच तुकड्यातुकड्यांनी येतो. थोरल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून “आता तूच घरातला कर्ता” असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. बारा वर्षांच्या पोरावर एवढे ओझे टाकू नका. विधीला बसायचे की नाही हे त्याला विचारावे. बसणार असेल तर काय काय होईल ते आधी सांगून जवळ एक माणूस बसवावे.

शाळेचे काम मोठे आहे, पण त्याला पैसा लागत नाही. मूल वर्गात परतण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी घरी जाऊन यावे आणि वर्गाला काय सांगायचे ते मुलाला व घरच्यांना विचारून ठरवावे. मग पहिल्या दिवशी चाळीस तोंडांचे चाळीस प्रश्न त्याच्यावर येत नाहीत. मन भरून आले तर कोणत्या शिक्षकांकडे जायचे हे आधी ठरलेले असावे. “माझी आई” हा निबंध आपल्या शाळांतून दरवर्षी असतो. ज्याची आई नाही त्याला दुसऱ्या आवडत्या माणसावर लिहू द्यावे. आईवरच लिहायचे असेल तर तेही लिहू द्यावे. प्रगतिपुस्तकावर आजीची सही चालेल हे त्याला आधीच सांगावे. मृत्यू आत्महत्येने झाला असेल, तर कसा झाला याचे वर्णन शाळेत होऊ देऊ नये, आणि घरच्यांना दोष देणारी कुजबुज शिक्षकांनी थांबवावी.

कचेरीचे काम कंटाळवाणे असते, आणि नेमके तेथेच घर थकते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी, कारण पुढील बहुतेक कामांना मृत्यूचा दाखला लागतो. ज्या मुलांचे एक वा दोन्ही पालक नाहीत, त्यांच्यासाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम २०२३ साली दरमहा २२५० रुपये करण्यात आली. विधवा भगिनींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कर्ती व्यक्ती गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना आहे. मूल आजीच्या गावी गेले आणि शाळा सोडल्याचा दाखला हाती नसला, तरी आठवीपर्यंत त्याला प्रवेश नाकारता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे तसे बंधन आहे. मुलाला सांभाळणारे कोणीच नसेल तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जावे. तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा मुलांचा क्रमांक आहे आणि मन फार खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६.

मोठी आपत्ती आली की हे सारे एकत्र आणावे लागते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. तेव्हा भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. कोरोनाच्या काळात, २०२१ साली, शासनाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले आणि दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. परंतु अपघाताने, आजाराने, दारूने एकेकटे मरणारे बाप रोजच असतात. त्यांच्या मुलांसाठी कृतिदल बसत नाही. तेथे आपणच कृतिदल झाले पाहिजे.

त्यासाठी आम्ही पुढीलप्रमाणे सुचवितो. प्रत्येक वस्तीसाठी संस्थेने एक भगिनी व एक बंधू असे दोन समन्वयक नेमावेत. घरच्यांची संमती घेऊन त्यांनी एक वही ठेवावी : मुलाची शाळा व इयत्ता, वर्गशिक्षक, कोणता अर्ज कोठे अडला आहे, पुढची भेट कधी. पहिल्या आठवड्यात घरी, मूल परतण्याआधी शाळेत, महिन्याने कागदपत्रांसाठी, नंतर दर तीन महिन्यांनी आणि पहिल्या स्मृतिदिनी, अशा भेटी किमान दोन वर्षे चालाव्यात. मूल सतत शाळा टाळू लागले, जेवणझोप तुटली किंवा मरणाची भाषा करू लागले, तर विलंब न करता शासकीय रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यावे. वहीतील मजकूर वस्तीत फिरू नये. आणखी एक विनंती आहे. अशा मुलांना व्यासपीठावर बोलावून, छायाचित्र काढून वह्या वाटू नयेत. वह्या घरी पोहोचवाव्यात. मुलाची मान खाली घालून दिलेली मदत त्याला आयुष्यभर बोचते.

किसागोतमीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मेलेले मूल कवटाळून आलेल्या त्या मातेला तथागतांनी प्रथम उपदेश केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास पाठविले. दारोदार फिरताना तिला आपल्यासारखीच माणसे भेटली. मुलांच्या बाबतीतही हेच खरे आहे. महिन्यातून एका रविवारी विहारात अशा चार-सहा मुलांना एकत्र खेळू द्यावे, चित्रे काढू द्यावीत. आपण एकटेच नाही हे त्यांना कोणी न सांगता कळेल.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या बाकावर असे मूल बसत असेल तर त्याच्यापासून लांब जाऊ नका. काय बोलावे ते सुचत नसेल तर बुडालेला अभ्यास उतरवून द्या, डबा सोबत खा, खेळायला हाक मारा.

आम्ही आपणांकडे निधी मागत नाही. दोन समन्वयक, एक वही आणि दोन वर्षे टिकणारी चिकाटी मागतो. ती नावे आजच्या सभेतच पुढे यावीत, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जयभीम.