पाणी वाऱ्याला पकड देतं तेव्हा

वारा ढकलतो म्हणून लाट उठते, असं आपण सहज म्हणतो. पण वाऱ्याचा जोर पाण्यात किती उतरणार, हे पाण्याचा पृष्ठभागही ठरवत असतो. संथ तळ्यावर झुळूक आली की आधी बारीक लहरींचे शहारे उठतात. हवेतले भोवरे पाण्यावर कमी-जास्त दाब देतात, त्यातून ही सुरुवात होते. मग लहरीच्या वाऱ्याकडच्या अंगाला दाब जास्त, आडोशाच्या अंगाला कमी राहतो आणि या फरकामुळे लहर आणखी वाढते. १९५७ साली ओवेन फिलिप्स यांनी यातला पहिला टप्पा, तर जॉन माइल्स यांनी पुढची वाढ गणिताने मांडली.

वाऱ्याची पकड पाण्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असते, याचा पुरावा बेंजामिन फ्रँकलिननी त्याआधीच, १७७४ साली छापला होता. लंडनजवळच्या क्लॅपममधल्या तळ्यात त्यांनी तेल ओतलं, तेही आधी चुकीच्या काठावर. वाऱ्याने ते परत काठाशी आणलं. मग वारा ज्या बाजूने येत होता तिथे जाऊन त्यांनी चमचाभर तेल टाकलं आणि जवळपास अर्धा एकर, म्हणजे २० गुंठे पाणी आरशासारखं गुळगुळीत झालं. तेलावरून वारा घसरतो, असं त्यांना वाटलं. पण एवढा पसरलेला थर जेमतेम एका रेणूच्या जाडीचा असतो. लहरीमुळे तो कुठे ताणला जातो, कुठे आकसतो. त्या ओढाताणीत बारीक लहरींची ऊर्जा जिरते. लहरी गेल्या की वाऱ्याची पकड सैल होते.

मग कुणी म्हणेल, वादळात समुद्र खवळत जाईल तशी ही पकड वाढतच जायला हवी. तसं होत नाही. चक्रीवादळांत विमानातून सोडलेल्या उपकरणांच्या नोंदींवरून २००३ साली दिसलं की वाऱ्याचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास पोचला की ही वाढ थांबते. फेस आणि तुषारांनी पृष्ठभागच बदलतो, हे त्याचं एक कारण मानलं जातं. दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा: वारा पडलेला असतानाही किनाऱ्यावर मोठ्या लाटा येतात, त्या कशा? पूर्ण वाढलेल्या लांब लाटेला वाऱ्याची गरज उरत नाही. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटांचा माग थेट अलास्कापर्यंत काढला. दक्षिण महासागरातल्या लाटा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही येतात. म्हणून समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने उंच लाटांचा इशारा दिला असेल, तर आभाळ निरभ्र आणि वारा शांत दिसला तरी पाण्यात उतरू नका, होडीही बाहेर काढू नका.