निकालपत्राबाहेरचे चौघे



स्वागताध्यक्षांनी माझ्या जिंकलेल्या खटल्यांचा उल्लेख केला. त्यातले किती अशील खरोखर निरपराध होते हे त्यांनी विचारले नाही, हा त्यांचा चांगुलपणा. काहींचे मला आजही ठाऊक नाही.

न्यायालय आणि सत्य हा विषय निघाला की आपण टिळकांकडे वळतो. १९०८ चा खटला, ज्यूरीचा ७ विरुद्ध २ असा कौल, सहा वर्षांची शिक्षा आणि मुंबई उच्च न्यायालयातला त्यांचे उद्गार कोरलेला फलक. उदाहरण थोर, पण सोयीचेही. 'केसरी'तल्या लेखांची जबाबदारी कुणाची, हा वाद तिथे नव्हताच. त्या लेखांना राजद्रोह म्हणायचे की नाही, एवढाच होता. शिवाय दोष परक्या सत्तेवर टाकून मोकळे होता येते.

मला सांगायचा खटला आपल्याच राज्यातला आहे. जून २००३, नाशिक जिल्हा. एका कुटुंबाच्या घरावर दरोडा, बलात्कार आणि पाच खून. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठोठावली. फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या. पुढे २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेतला आणि मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना सोडले. प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितले. माणसे भटक्या जमातीतली, गरीब. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फाशी सुनावल्यानंतरच निष्पन्न झाले.

या दोन निकालांच्या मधल्या काळात कुणी कबुली दिली नव्हती, खरा गुन्हेगार सापडला नव्हता; पुरावा जुनाच होता. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. म्हणजे निरपराधांनी सोळा वर्षे तुरुंगात काढली आणि त्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही.

न्यायाधीश गुन्ह्याच्या जागी हजर नसतो. त्याच्यापुढे येतात पंचनामा, जबाब आणि आपण वकिलांनी केलेली उलटतपासणी. तपासी अंमलदाराने काय टाळले ते कधीतरी उघड होते. बचावाच्या वकिलाने काय विचारलेच नाही, याची नोंद मात्र कुठेच होत नाही.

सुटकेचेही तेच; शिक्षेप्रमाणे तीही चुकीची असू शकते. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. चार प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. तिचा निकाल तेवढा तसाच राहिला.

म्हणून निकाल मानूच नयेत, असे मी म्हणणार नाही. मग न्यायनिवाडा चौकातला जमाव करील. सुटून आलेल्याला 'पुराव्याअभावी सुटला' म्हणून जन्मभर डागणारेही आपल्यातलेच असतात, आणि त्यात वकील कमी नसतात.

दुपारचे सत्र ओळखपरेडीवर आहे. नाशिकच्या खटल्यातल्या २०१९ च्या निकालपत्राच्या प्रती मी आणल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत वाचा, सत्र न्यायालयात बचावाच्या बाजूने आपण उभे आहोत असे समजा, आणि त्या साक्षीदार बाईंना कोणते प्रश्न विचारले असते ते कागदावर लिहून या.